विमानात रुमाल टाकता येत नाही

गेल्या दिवाळीनंतर आईला पहिल्यांदा विमानात बसवलं. नागपूर ते बंगळुरू. सोनेगावच्या विमानतळात शिरताना तिने एकच विचारलं, "तू माह्याजवळच बसशीन ना?" दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगवर होती, म्हणून मी ठामपणे हो म्हटलं. बोर्डिंग पास हातात आले तर ती सातव्या रांगेत, मी चोविसाव्या. दोघंही मधल्या सीटवर. वेब चेक-इन करताना ॲपने शेजारच्या सीटांचे वेगळे पैसे मागितले होते आणि 'आपोआप मिळतीलच की' म्हणून मी ते पान पुढे सरकवलं होतं. बेल्ट सोडायचा कसा हे न कळल्यामुळे आई अख्खा प्रवास तो आवळूनच बसली. उतरल्यावर म्हणाली, "याच्यापेक्षा आपली काटोलची यष्टी बरी. रुमाल टाकला की सीट आपली."

परवा मित्रांमध्ये वाद रंगला, स्वस्त विमान कंपन्यांनी महागड्या सीटा ठेवाव्यात का, तेव्हा मला हा रुमाल आठवला. वादाचं कारण इंडिगोची 'स्ट्रेच' सीट. कंपनीने ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या अठराव्या वाढदिवसाला ती जाहीर केली आणि नोव्हेंबरपासून दिल्ली-मुंबई मार्गावर सुरू केली. पुढे दोन-दोनच्या तीन रांगा, म्हणजे 12 ऐसपैस सीटा. सोबत जेवण. तिकीट सुरुवातीला 18,018 रुपयांपासून. मागे नेहमीसारखे तीन-तीन जण, एकूण 208. एक मित्र तावातावाने म्हणाला, "गरिबाच्या विमानात सोफा कशाला बे?"

माझं मत वेगळं आहे. ठेवू द्या ना सोफा.

एक तर आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. 1982 च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांनंतर एसटीकडे आलेल्या निमआराम गाड्यांना आपण आजही 'एशियाड'च म्हणतो. जास्त पैसे देणारा एशियाडने गेला, म्हणून लाल गाडी बंद पडली नाही. शिवशाही आली तरी गणेशपेठच्या स्टँडवर लालपरीची गर्दी आहेच. विमानातही स्पाइसजेटने 2019 मध्ये बिझनेस क्लास सुरू केला होता. जेट एअरवेज बंद पडल्यावर तिची काही विमानं स्पाइसजेटकडे आली, त्यांत पुढच्या मोठ्या सीटा आयत्याच होत्या. कुणाचं काही बिघडलं नाही.

आणि खरं सांगायचं तर स्वस्त विमानात सगळे सारखे, हा आपला भाबडा समज आहे. वर्ग कधीचेच पडलेत, फक्त मध्ये पडदा नाही. पाय पसरायला जागा हवी, वेगळे पैसे. खिडकी हवी, वेगळे पैसे. बॅग 15 किलोच्या वर गेली की काउंटरसमोर बसून फराळाचे डबे पाठीवरच्या सॅकमध्ये कोंबायचे. (हे दृश्य दिवाळीनंतरच्या आठवड्यात नागपूर विमानतळावर जाऊन बघा, चकल्यांचे हाल बघवत नाहीत.) त्यापेक्षा 18 हजारांची सीट प्रामाणिक आहे. किंमत दिसते, वस्तू दिसते, घ्यायची तर घ्या.

माझी हरकत मागच्या भागाबद्दल आहे. पुढच्या 12 सीटांतून पैसा येणार असेल, तर मागे बसलेल्या मायलेकींना शेजारी बसवायचे पैसे का? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल 2024 मध्ये सांगितलं की एकाच बुकिंगवरच्या 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडिलांजवळ सीट द्यायची. चांगलंच झालं. पण पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या साठीच्या बाईचं काय? ती पण त्या दिवशी लहान मूलच असते.

सोफ्याच्या नादात स्वस्त तिकिटाचा जीव गेल्याचं उदाहरणही आपल्यासमोर आहे. कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन 2003 मध्ये उडाली, एक रुपयाच्या तिकिटासाठी गाजली. मग ती मल्ल्यांच्या किंगफिशरकडे गेली, 'किंगफिशर रेड' झाली. 2011 मध्ये ही स्वस्त सेवा बंद करायचं जाहीर झालं आणि 2012 मध्ये अख्खी कंपनीच जमिनीवर आली. डबघाईची कारणं बरीच होती, पण स्वस्त सेवा आधी गेली हे विसरू नये.

नागपूरकरांना तर ही भीती जास्त. मुंबईचं विमान दीड तासाचं. तेवढ्यात कुणाची पाठ अवघडणार? आपल्याला हवेत जास्त फेऱ्या आणि दुसऱ्या कंपनीकडे जायची सोय. एकेकाळी दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासहून टपालाची विमानं मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची. आज देशातल्या विमानप्रवाशांपैकी निम्म्याहून जास्त एकाच कंपनीने जातात. डिसेंबर 2025 मध्ये त्या कंपनीच्या हजारो फेऱ्या रद्द झाल्या, तेव्हा भाडी इतकी भडकली की सरकारला कमाल मर्यादा घालावी लागली. 500 ते 1000 किलोमीटरला 12 हजार, म्हणजे नागपूर-मुंबईलाही तेवढेच. बिझनेस क्लास त्यातून वगळला होता. ठीक आहे, ज्याला सोफा हवा त्याने मोजावेत. पण मागच्या सीटेची मर्यादा संकटापुरतीच का असावी? दिवाळीचा आठवडा आमच्यासाठी दरवर्षीचं संकटच असतो.

आईच्या परतीच्या तिकिटाला मी दोन्ही सीटांचे पैसे भरले. खिडकी तिला, मधली मला. बसल्या बसल्या तिने पर्समधून रुमाल काढून माझ्या सीटवर ठेवला आणि मग मला आत येऊ दिलं. पैसे भरल्याचं तिला अजून सांगितलेलं नाही.