मदरबोर्ड खरोखरच गेला का?

मे महिन्याच्या सुटीनंतर आमच्या शाळेतला संगणक सुरू केला, तर पंखा फिरतो, आतून 'बीप बीप' आवाज येतो, पण पडदा काळाच. तालुक्याच्या गावाहून दुरुस्तीवाले आले. पाच मिनिटांत त्यांनी निकाल दिला : "मदरबोर्ड गेला, नवा घ्या." आम्ही समितीच्या मंडळींनी माना डोलावल्या. तो कशावरून गेला, हे विचारायला आमच्यापाशी शब्दच नव्हते. वर्गणीचा ठराव तेवढा झाला.

वर्गणीची वही फिरण्यापूर्वी आमचाच एक माजी विद्यार्थी आला. तो विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याने प्लग काढून पेटी उघडली, रॅमची पट्टी उपसली, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला आणि 'टक्' आवाज होईपर्यंत पट्टी परत बसवली. संगणक सुरू झाला! दमट हवेने संपर्क तुटला होता, एवढेच.

मदरबोर्ड ही काही गूढ वस्तू नव्हे. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क यांना तांब्याच्या बारीक रेघांनी एकत्र जोडणारी ती पाटी आहे. एसएमपीएस ही पेटी घरच्या २३० व्होल्ट विजेतून १२, ५ व ३.३ व्होल्ट करून तिला पुरवते. म्हणून तपासही क्रमाने करावा. पंखाच फिरत नसेल तर आधी प्लग, वायर व एसएमपीएस पाहावा. बीप वाजत असेल तर बोर्ड स्वतःच काही सांगतो आहे. बहुधा रॅम नीट बसलेली नसते. तारीख रोज मागे जात असेल तर सीआर २०३२ हा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल संपला. तो किरकोळ किमतीत मिळतो. बोर्डावरच्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरची डोकी फुगली असतील किंवा जळका वास येत असेल, तर मात्र बोर्डाचाच दोष संभवतो. चांगली रॅम व चांगला एसएमपीएस लावूनही यंत्र उठले नाही, तरच बोर्डाकडे बोट दाखवावे. एक सावधगिरी : प्लग काढल्याशिवाय पेटी उघडू नये, आणि एसएमपीएस तर उघडूच नये, वीज बंद केल्यावरही त्यात धक्का साठून राहतो.

हे सारे आम्ही मराठीत लिहिले. काही अडले का? आमचा शेतकरी मोटार बंद पडली की आधी फ्यूज पाहतो, मग स्टार्टर, मग केबल. शब्द इंग्रजी असले तरी विचार मराठीच असतो. म्हणूनच त्याला कोणी सहसा फसवत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आम्ही शिक्षकांनी उलटे केले. मुलांकडून इंग्रजी व्याख्या घोकून घेतल्या, आणि पेटी कधी उघडून दाखवली नाही. हा दोष आमचा आहे, तो आम्ही कबूल करतो.

भाषेचा अभिमान सभेत सांगून भागत नाही. ज्या भाषेत बिघाड शोधता येतो, तीच भाषा मुलांना पोटापाण्याची वाटते. यास्तव गावोगावच्या शाळांना आमची विनंती आहे : मोडीत निघालेला एखादा संगणक टाकून देऊ नका. तो मुलांसमोर उघडा, एकेक भाग त्यांच्या हातात द्या, आणि वरचा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. पुढच्या वेळी कोणी 'बोर्ड गेला' म्हणाले, तर आमच्या सातवीतल्या मुलीने विचारले पाहिजे, "कशावरून?"