खगोलशास्त्र ऑलिम्पियाडची तयारी
खगोलशास्त्र ऑलिम्पियाडची वाट भारतात आयएपीटी या भौतिकशास्त्र शिक्षकांच्या संघटनेच्या बहुपर्यायी परीक्षेने सुरू होते. पुढची राष्ट्रीय फेरी आणि निवड शिबिर मुंबईच्या मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे असते. निवडलेला पाच जणांचा संघ २००७ मध्ये थायलंडमध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जातो. २०१६ मध्ये ती भुवनेश्वरला, तर २०२५ मध्ये मुंबईला झाली. केप्लरचे नियम, गोलीय त्रिकोणमिती, ताऱ्यांच्या प्रती यांचा सैद्धांतिक भाग बुद्धिमान मुले पुस्तकांतून आणि सरावाने आत्मसात करतात. खरा कस लागतो तो निरीक्षणात आणि निरीक्षणांच्या विश्लेषणात. मोजमापातली त्रुटी किती, हे सांगता न आल्यास अचूक दिसणाऱ्या उत्तरालाही फारसे मोल नसते. आकाशात ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून स्थळाचे अक्षांश काढणे, नकाशाविना तारे ओळखणे आणि दुर्बीण नेमकी रोखणे हे फळ्यावर शिकवता येत नाही. मुंबईच्या उजेडात मोजकेच तारे दिसतात, म्हणून आकाशप्रेमी मंडळी वांगणीसारखी ठिकाणे गाठतात. पावसाळ्याचे महिने ढगांतच जातात. तेव्हा शाळांनी निदान हिवाळ्यातल्या काही अमावास्यांना तरी मुलांना शहराबाहेर न्यावे.