आईबापांनंतरचे घर

मुंबई विकास खात्याने १९२० च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळींच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहत आहेत. वरळीतील पहिल्या रहिवाशांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये नव्या घरांचा ताबा मिळाला. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांचे स्वतःचे घर मिळावे, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु या स्थित्यंतरात गिरगावपासून लालबाग-परळपर्यंतच्या चाळींनी आजवर निमूटपणे सांभाळलेली एक जबाबदारी निराधार होत आहे. तिचा विचार व्हावयास हवा तसा झालेला नाही.

ही जबाबदारी आहे बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढ माणसांची. चाळीत असा एखादा मुलगा चाळिशीचा झाला तरी सर्वांच्या ओळखीचा असे. तो रस्ता चुकला तर नाक्यावरचा वाणी त्याला घरी आणून सोडी. आई बाजारात गेली तर शेजारीण त्याच्यावर लक्ष ठेवी. या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिचे दोष विसरता कामा नयेत. त्याची थट्टाही गॅलरीतच होई आणि अशा मुलीला तर अनेकदा दाराआडच ठेवले जाई. तरीही हाकेच्या अंतरावर माणसे होती. आता तीच आई सत्तरीला आली आहे, विसाव्या मजल्यावर शेजारची दारे बंद आहेत, आणि तिच्यापुढे एकच प्रश्न आहे : आमच्यानंतर याचे काय?

अशा मुलांच्या शिक्षणाकडे मुंबईने दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. होर्मसजी आणि जय वकील या दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने १९४४ मध्ये आरंभिलेले कार्य आज शिवडीत मोठ्या संस्थेच्या रूपाने चालू आहे. पण शाळा संपते, अक्षमता संपत नाही. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी हाच मुद्दा लावून धरला. बेवारस अपंग मुलांना अठराव्या वर्षी आश्रमाबाहेर काढू नये, असा आग्रह धरणाऱ्या या गृहस्थांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. बदलापूरला पालकांनीच एकत्र येऊन 'आधार' ही संस्था उभी केली. हे सारे कार्य वंदनीय आहे. तथापि, जन्मभर लालबागमध्ये वावरलेल्या माणसाने आई गेल्याच्या दुःखातच ओळखीचे रस्ते आणि माणसेही सोडावीत काय?

सोडावीत, असे आपला कायदा म्हणत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने अशा व्यक्तीला तिच्या स्वतःच्या समाजात आणि त्याच्या शक्य तितक्या निकट राहता यावे, आणि पालकांच्या मृत्यूनंतरही तिची काळजी घेतली जावी, हे उद्दिष्ट मानले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला, गृहनिर्माण योजनांतील वाटपात पाच टक्के आरक्षण ठेवले आणि निवाऱ्यासाठी सवलतीच्या दराने जमीन देण्याचीही तरतूद केली. राष्ट्रीय न्यासाच्या 'घरौंदा' योजनेत प्रौढांच्या सामूहिक निवासाची कल्पनाही आहे. पण नुसती सदनिका मिळून अशा माणसाचे घर होत नाही. त्या घरात स्वयंपाक, औषधपाणी आणि सोबत पाहणारे वेतनी माणूस लागते.

म्हणून मागणी साधी आहे. पुनर्विकास होणाऱ्या प्रत्येक मोठ्या वसाहतीत चार-पाच प्रौढांच्या सामूहिक घरासाठी किमान एक सदनिका राखून ठेवावी. ती नोंदणीकृत संस्थेकडे नाममात्र भाड्याने द्यावी, सेवकांचे वेतन शासनाने द्यावे आणि तेथे पहिला हक्क त्याच परिसरातील माणसांचा असावा. खर्चाची सबब सांगितली जाईल. ज्या योजनांत विक्रीसाठी शेकडो सदनिका बांधल्या जातात, त्यांत एक सदनिका जड व्हावी हे पटत नाही. नॉर्वेने १९९१ मध्ये मोठी वसतिगृहे मोडीत काढून ही जबाबदारी नगरपालिकांवर सोपवली. तो देश श्रीमंत आहे हे खरे. पण दिशा ठरविण्यास श्रीमंती लागत नाही.

आईबाप हयात आहेत तोवर त्यांनाही आधार हवा. प्रत्येक वॉर्डात असे एक ठिकाण असावे, जेथे मुलाला चार दिवस विश्वासाने ठेवून आईला स्वतःची शस्त्रक्रिया करून घेता येईल. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो, हेही अनेक घरांना ठाऊक नसते. सरकारी सेवकाच्या अशा अपत्याला कुटुंबनिवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकते. गिरणी कामगाराच्या मुलाला तेवढा आधार बहुधा नसतो. आज हा भार बहुधा एखाद्या बहिणीवर पडतो, आणि तिला कोणी विचारलेलेही नसते.

शासनाइतकीच ही कसोटी आपली आहे. उद्या अशा घरासाठी सदनिका राखली गेली, तर सोसायटीच्या सभेत पहिला आक्षेप आपल्यापैकीच कोणी तरी घेईल. त्या वेळी चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी उठून उभे राहावे आणि हा माणूस आमचा आहे, तो येथेच राहील, असे सांगावे. चाळीकडून घेण्यासारखा वारसा हाच आहे.