कुंपणावरची विलायती चिंच

फाल्गुन सरत आला, शिवारातील पिके निघून गेली आणि विहिरींचे पाणी तळाकडे जाऊ लागले, म्हणजे ज्या काटेरी कुंपणाकडे वर्षभर कोणी ढुंकूनही पाहिलेले नसते, त्याच कुंपणावर विलायती चिंचेच्या वेटोळ्या शेंगांचे हिरवे-गुलाबी घोस लोंबू लागतात आणि शाळा सुटताच मुलांचा जथा आकड्या घेऊन तिकडे वळतो. शेंग उकलली की आत चकचकीत काळी बी आणि तिच्याभोवती पांढरा, कधी गुलाबी झाक असलेला मऊ गर. गोड, पण घशाशी किंचित तुरट. त्या तुरटपणावाचून ती गोडी मला अपुरीच वाटली असती.

ह्या वृक्षाचे मूलस्थान मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील उष्ण प्रदेशांत. इ. स. १५६५ पासून सुमारे अडीचशे वर्षे आकापुल्को आणि मनिला ह्या बंदरांमध्ये स्पेनच्या गलबतांची जी ये-जा चालली, तिच्यातून रुप्याच्या पेट्यांबरोबर हा वृक्षही फिलिपाईन्समध्ये उतरला; आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम रॉक्सबर्गने कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले, तेव्हा तो हिंदुस्थानच्या भूमीत रुजून गेलेला होता. खारी हवा, रेताड जमीन, अवर्षण, सारे तो सोसतो. पानाच्या तळाशी काट्यांची जोडी वागवतो, आणि छाटावे तितका दाट होतो, म्हणून शेताच्या हद्दीवर त्याची नेमणूक झाली. शेळ्यांना पाला, मुळांवरील गाठींमुळे जमिनीला नत्र आणि राघू-मैनांना गर, असा त्याचा व्यवहार चालतो.

परंतु मला ह्या झाडाविषयी विशेष ममत्व वाटते ते त्याच्या फळावर कोणी मालकी सांगत नाही म्हणून. आंब्याला राखण असते, बागेचा मक्ता दिला जातो. विलायती चिंच मात्र वाटसरू, गुराखी आणि पाखरे ह्यांच्या वहिवाटीची. रस्ता रुंद करताना किंवा तारेचे कुंपण घालताना ती तोडली जाते, तेव्हा ज्यांच्यापाशी कोणताही कागद नाही अशांचा एक जुना हक्क हिरावला जातो, आणि त्याविरुद्ध तक्रार करायला कोणी कचेरीत जात नाही. ह्याचे मला मनापासून दुःख होते.

हवाई बेटांवर हाच वृक्ष कुरणांत माजून उपद्रवी ठरला आहे, हे मी नजरेआड करीत नाही. म्हणूनच तो रानांत पसरू न देता, शाळेच्या आवाराच्या कडेला आणि गायरानाच्या हद्दीवर, दरसाल छाटणी करता येईल अशा ओळीने लावावा असे माझे सांगणे आहे. त्याला मोठा खर्च लागत नाही: खाऊन टाकलेल्या बिया जपून ठेवाव्यात आणि मृगाच्या सरी पडताच, हातभर अंतराने, बांधावर टोकाव्यात.