चेहरा भरून काढण्यापूर्वी

दिवाळी जवळ आली, की मला येणाऱ्या पत्रांत हल्ली उटण्यापेक्षा ‘फिलर’चीच चौकशी अधिक असते. दादरच्या एका भगिनी विचारतात, “डिसेंबरात मुलीचे लग्न आहे. माझे गाल बसले आहेत. ओळखीच्या पार्लरवाल्या बाई निम्म्या पैशांत इंजेक्शन देतो म्हणतात. घेऊ का?”

माझे उत्तर : त्यांच्याकडून मुळीच नको!

ही हौस नवी नाही. १९०० च्या सुमारास व्हिएन्नाच्या डॉ. गेर्सुनी यांनी पॅराफिन टोचण्याची पद्धत पुढे आणली. पुढे कित्येकांच्या अंगात त्याच्या गाठी झाल्या, आणि त्या काढणे महाकठीण! म्हणून मी पहिला प्रश्न हाच विचारीन, “बिघडलेच, तर हे विरघळवता येईल का?” हायलुरॉनिक आम्लाचे फिलर विरघळवता येते. हे द्रव्य आपल्या त्वचेत मुळातच असते. १९३४ साली मायर व पामर यांनी ते गाईच्या डोळ्यांतून प्रथम वेगळे केले. त्याचा परिणाम साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतो. ‘जन्मभर टिकेल’ असे सिलिकोनचे इंजेक्शन मात्र दुरूनच नमस्कार करण्याजोगे.

खरा धोका सुईचा नव्हे, रक्तवाहिनीचा. द्रव्य तीत शिरले, तर त्वचा मरते. क्वचित दृष्टीही जाते. नाक आणि भुवयांमधील जागा विशेष जोखमीची. तेव्हा त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लॅस्टिक सर्जनच गाठावा, आणि विरघळवण्याचे औषध, हायलुरॉनिडेझ, हाताशी आहे ना, हे निःसंकोच विचारावे. सीलबंद खोका आपल्या देखत उघडवावा. नाव, बॅच क्रमांक व मुदत यांची चिठ्ठी मागून घ्यावी. साडीची पावती जपतो, तशी ही जपावी! रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर आधी सांगावे. गरोदरपणी हा विचारच नको.

सूज आणि निळे डाग काही दिवस राहतात. म्हणून लग्नाच्या तोंडावर नव्हे, निदान महिनाभर आधी. नंतर त्वचा पांढरी पडली, असह्य दुखू लागले वा अंधुक दिसू लागले, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

आणि बाई, इतके सारे जमत नसेल, तर राहू द्या. आईचे गाल बसले म्हणून विहीणबाई काही लग्न मोडीत नाहीत!