कोमट पाण्याची गोष्ट



या आठवड्याच्या टपालात वरणगावहून आलेलं एक पत्र आहे. लिहिणारी नववीत शिकते. नाव छापू नका, असं तिनं कळवलंय, म्हणून नाव सांगत नाही. पत्र छोटंच, पण प्रश्न मोठा.

तिचं म्हणणं थोडक्यात असं : आमचं घर ख्रिस्ती. दर रविवारी आम्ही भुसावळला उपासनेला जातो. शास्त्रपाठ मला तोंडपाठ आहेत, पाठांतराची बक्षिसंही मिळाली आहेत. पण हल्ली प्रार्थना म्हणताना मनात काहीच होत नाही. तोंड आपलं म्हणत राहतं आणि डोक्यात गणिताचा पेपर असतो. आजूबाजूला पाहते, तर मोठी माणसंही घड्याळाकडे बघत असतात. आमची सगळी मंडळीच झोपल्यासारखी वाटते. मग जायचं कशाला? हे ढोंग नाही का?

प्रश्न तिचा आहे, पण तिच्या एकटीचा नाही हं! आरतीत टाळ्या वाजवताना, नमाजाला उभं राहताना, शाळेत प्रार्थनेला हात जोडताना तुमच्यापैकी अनेकांना असं वाटलं असेल. म्हणून आज सगळ्यांनीच यावर थोडा विचार करू या.

बायबलच्या अगदी शेवटी ‘प्रकटीकरण’ नावाचं पुस्तक आहे. त्यात सात मंडळ्यांना लिहिलेली सात पत्रं आहेत. सातवं पत्र लावदिकिया गावच्या मंडळीला आहे. हे गाव आजच्या तुर्कस्तानात होतं. मोठं श्रीमंत! इ. स. ६० मध्ये भूकंपानं ते कोसळलं, तेव्हा रोमच्या बादशहाची मदत न घेता तिथल्या लोकांनी ते स्वतःच्या पैशानं पुन्हा उभारलं. अशा गावच्या मंडळीला पत्रात काय सुनावलंय ठाऊक आहे? तुम्ही थंडही नाही आणि गरमही नाही, तुम्ही कोमट आहात!

खानदेशातल्या मुलांना हे लगेच कळेल. वैशाखात माठातलं गार पाणी प्यायलं की जीव शांत होतो. थंडीत बंबातलं कढत पाणी अंगावर घेतलं की बरं वाटतं. पण उन्हातून तहानलेलं यावं आणि कुणी कोमट पाण्याचा पेला पुढे करावा, तर कसं वाटेल? लावदिकियाजवळच्या एका गावात गरम पाण्याचे झरे होते, दुसऱ्या गावात गार पाणी होतं, आणि लावदिकियात मात्र लांबून नळांतून पाणी आणावं लागे. म्हणूनच हा दाखला तिथल्या लोकांना चांगला झोंबला असणार, असं अभ्यासक म्हणतात.

पण नीट पाहा. त्या मंडळीचा खरा दोष कोणता सांगितलाय? ‘आमच्याकडे सगळं आहे, आम्हाला काही कमी नाही,’ असं ती समजत होती, हा तो दोष. याला म्हणतात आत्मसंतुष्टपणा. आता वरणगावच्या मैत्रिणीचं पत्र पुन्हा आठवा. ती तर म्हणते, माझं काहीतरी हरवलंय! म्हणजे ती कोरडी झाली असेल, आत्मसंतुष्ट नाही. या दोन गोष्टींत फार फरक आहे. ज्याला तहान लागली, तो पाणी शोधायला निघतो. ज्याला वाटतं आपलं पोट भरलंय, तो जागचा हलत नाही.

आपल्या वरणगावपासून फार लांब नाही, तापी आणि पूर्णा जिथे भेटतात तिथे चांगदेवाचं जुनं देऊळ आहे. चांगदेवांची कथा तुम्ही ऐकलीच असेल. चौदाशे वर्षं तप केलेले मोठे योगी! ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानानं मोठे म्हणून नमस्कार लिहावा, हेच ठरेना. शेवटी कोराच कागद पाठवला. तो पाहून चिमुरड्या मुक्ताबाई म्हणाल्या, चौदाशे वर्षं झाली तरी हे कोरेच राहिले! पण गोष्टीचा मोठेपणा पुढे आहे. त्या म्हाताऱ्या योग्यानं राग धरला नाही. त्यानं त्या लहान मुलीला गुरू केलं.

वर्षं मोजून भक्ती ठरत नाही, हे ख्रिस्ती लोकांनीही अनुभवलंय. इंग्लंडात कॉर्नवॉल भागात विल्यम हॅस्लम नावाचे धर्मगुरू होते. अनेक वर्षं ते इतरांना उपदेश करत होते. १८५१ साली एका रविवारी व्यासपीठावर बोलता बोलता त्यांना जाणवलं, की हे सगळं आपण लोकांना सांगतोय, पण आपल्या स्वतःच्या मनापर्यंत ते पोचलेलंच नाही! त्या क्षणी ते आतून बदलले. ऐकणाऱ्यांतला एकजण उठून आनंदानं ओरडलाही, की आपल्या पाळकांचंच परिवर्तन झालं! आहे की नाही गंमत? पाळकच आपल्या प्रवचनानं जागे झाले.

पुढे हॅस्लमसाहेबांनी या अनुभवावर पुस्तक लिहिलं. आणि ते कुणी वाचलं असेल? आपल्या पंडिता रमाबाईंनी! संस्कृतच्या मोठ्या विदुषी, विधवा आणि निराधार मुलींसाठी १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ काढणाऱ्या. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. पुढे १९०७ साली स्वतःविषयी लिहिताना त्यांनी अगदी मोकळेपणानं सांगितलं, की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. आठ वर्षं अशी गेली! एवढ्या मोठ्या बाईंना हे लिहायला कमीपणा वाटला नाही. मग नववीतल्या मुलीनं का लाजावं?

रमाबाई नंतर पुणे जिल्ह्यातल्या केडगावला राहू लागल्या. १८९६-९७ आणि १९०० च्या भयंकर दुष्काळांतून वाचवलेल्या मुली आणि बायका त्यांनी तिथं ‘मुक्ती’मध्ये आणल्या. हजाराहून अधिक जणी! जेवण होतं, छप्पर होतं, शाळा होती, उपासना होती. अनेक मुलींनी बाप्तिस्माही घेतला होता. बाहेरच्याला वाटलं असतं, आता आणखी काय हवं? पण रमाबाईंना तसं वाटत नव्हतं. नाव ख्रिस्ती झालं, एवढ्यानं त्यांचं समाधान होत नव्हतं.

त्याच सुमारास, १९०४ मध्ये, वेल्समध्ये इव्हान रॉबर्ट्स नावाच्या तरुणाच्या सभांमधून मंडळ्या जाग्या होऊ लागल्या होत्या. हा तरुण लहानपणी कोळशाच्या खाणीत काम करायचा. ती बातमी केडगावलाही आली. तेव्हा रमाबाईंनी मोठी सभा भरवली नाही की भाषण ठोकलं नाही. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी एवढंच विचारलं, रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल? सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. महिने गेले. काही घडलं नाही. तरी त्या बसत राहिल्या, आणि जूनपर्यंत त्यांची संख्या साडेपाचशेच्या आसपास गेली.

जूनच्या अखेरीस मुलींना अचानक आपल्या वागण्याची तीव्र जाणीव झाली. कितीतरी जणी मोठ्यानं रडू लागल्या, आपल्या चुका कबूल करू लागल्या. वर्ग थांबले, कामं थांबली. हा गोंगाट पाहून काही लोकांनी नावंही ठेवली. आता रडणं म्हणजेच जागं होणं का? मुळीच नाही. रडणं दोन दिवसांत ओसरतं. मागे काय उरलं ते पाहायचं. केडगावात काय उरलं? मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या. दीनदुबळ्यांचं काम चालू राहिलं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल उतरवत होत्या. छपाईसुद्धा मुक्तीतल्याच बायका करत. १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा वारली. तरी त्यांनी काम सोडलं नाही. ते हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. मनातली ऊब म्हणतात ती ही!

कवी ना. वा. टिळकांचंही असंच. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. परक्या चालीरीतींच्या उपासनेनं मराठी मन हलणार नाही, असं त्यांना वाटे. म्हणून त्यांनी आपल्या मातीतली भजनं रचली. ती आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात. १९१७ मध्ये तर मिशनची पगाराची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. वय पंचावन्नच्या पुढे! आरामात बसायचं वय, पण त्यांना आराम नको होता.

आता वरणगावच्या मैत्रिणीला आणि तुम्हा सगळ्यांनाच सांगायचं ते सांगतो.

एक, जाणं सोडू नकोस. सत्तर मुली पाच महिने काही न घडता बसल्या, हे विसरू नकोस. मात्र पाठ केलेली प्रार्थना झाली की एक वाक्य स्वतःचं म्हण. ‘देवा, आज मला काही वाटत नाही,’ हेसुद्धा चालेल. ते ढोंग नव्हे, ते खरं बोलणं आहे.

दोन, घड्याळ बघणाऱ्या काकांना मापू नकोस. ते रेल्वेची रात्रपाळी करून घरी न जाता सरळ उपासनेला आले असतील. मंडळी झोपली आहे असं वाटत असेल, तर मागे कुजबुजण्यापेक्षा दोन मैत्रिणींना बरोबर घे आणि पाळकसाहेबांना नीट विचार, की आम्हाला आठवड्यातून एकदा एकत्र बसता येईल का?

तीन, एक हिशेब मिटव. जिच्याशी बोलणं बंद केलंय तिच्याशी बोल. कुणाची घेतलेली वही परत दे. केडगावच्या मुलींनी सुरुवात चुका कबूल करण्यापासूनच केली होती, बरं का!

आणि दोस्तांनो, कोमट पाण्याचा एक गुण सांगायचा राहिलाच. ते चुलीवर ठेवलं की तापतं. फक्त चूल कुणीतरी पेटवावी लागते. आणि ते काम मोठ्यांनीच करायला हवं, असं कुठेही लिहिलेलं नाही.

तुमचा,
दादा