फिश अमिनोच्या ड्रममधलं पापलेट



भेंडी-दोडक्याला मी दरवर्षी घरचंच फिश अमिनो करतो. दहा किलो मासळी, दहा किलो गूळ, झाकणाचा ड्रम, सावलीत पंचवीस दिवस. पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिली. फुटवा चांगला येतो. यंदा पुण्याच्या बाजारातनं स्वस्तातली बारीक मासळी उचलली. ड्रममध्ये टाकताना बघतो तर त्यात पापलेटची पिल्लं. पोराची कंपासपेटीतली पट्टी आणून मोजली. नऊ सेंटिमीटर, दहा सेंटिमीटर.

आता कायदा काय सांगतो बघा. सप्टेंबर 2023 मध्ये सरकारने पापलेटला राज्यमासा केलं. नोव्हेंबरात 54 जातींच्या माशांचं किमान आकारमान ठरवलं. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180 मिलिमीटर, त्याखालचा मासा धरायचा नाही. हे आकडे कुणाच्या मनचे नाहीत. कोचीच्या सीएमएफआरआय संस्थेने कुठला मासा केवढा झाल्यावर पहिल्यांदा अंडी घालतो ते बघून शिफारस केली होती. म्हणजे एकदा तरी वीण होऊ द्या, मग खा. एवढंच.

हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आजीने बियाण्याच्या ज्वारीचं गाडगं शेणामातीने लिंपून माळ्यावर ठेवलं होतं. घरात चूल पेटायची मारामार, पण त्या गाडग्याला हात लागला नाही. आणि मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, समुद्राचं बियाणं गुळात घालून भेंडीवर फवारतोय.

पालघरकडचे एक नाखवा ओळखीचे आहेत, त्यांना फोन केला. म्हणाले, "दादा, जाळ्याला डोळे नसतात. पिल्लू परत टाकलं तरी ते मेलेलंच असतं." खरंय त्यांचं. म्हणून जाळ्याचा आस मोठा पाहिजे, म्हणजे पिल्लू आधीच निसटेल. पण बारीक मासळीला गिऱ्हाईक आहे तोवर बारीक आसाचं जाळं कोण सोडेल? ते गिऱ्हाईक कोण? कोंबडीखाद्याची भुकटी करणारे, खतवाले आणि मी.

लहान होडीवाल्यानेच सगळं सोसायचं, हेही मला पटत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौका 61 दिवस बंद, हप्ते चालूच. मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याचे निर्बंध 2016 पासून, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राची बंदी 2017 पासून, तरी कोळीबांधवांच्या तक्रारी थांबत नाहीत. राज्याची हद्द 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटर. तेवढ्या पाण्यावर रात्रंदिवस किती गस्त घालणार?

त्यापेक्षा बाजार सोपा आहे. मासा शेवटी पाटीत येतोच. एप्रिल 2025 मध्ये मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज, विमा शेतीसारखा मिळावा म्हणून. चांगलं झालं, आमचंच भावंड आहे ते. मग आमच्याकडे बियाण्याच्या दुकानात गुणनियंत्रण निरीक्षक येऊन नमुना घेतो, तसा शहरातल्या मासळी बाजारात कुणीतरी पट्टी घेऊन यायला नको का? एवढ्या वर्षांच्या बाजारहाटात मला तरी असा कुणी दिसला नाही. दंड करायचाच तर पाटीवालीला आधी नको, जिथून टेम्पो भरून माल येतो तिथे करा.

माझ्यापुरतं मी बदललंय. दुसरा ड्रम मासळीवाल्या मावशींकडच्या टाकाऊ मालाचा लावला. मुंडकी, आतडी, कल्ले, खवले. त्यांना फेकायचंच होतं, दहा किलो जवळपास फुकट मिळालं. वास जास्त येतो, तेव्हा ड्रम घरापासून लांब ठेवा आणि कुत्र्यांपासून जपा. मुंडक्यांची हाडं विरघळायला पंचवीसच्या जागी चाळीस दिवस धरलेत. तयार झाल्यावर भेंडीच्या चार ओळींना हे आणि चार ओळींना जुनं मारून बघणार आहे, फोटो टाकतो.

कृषी पदवीधर मंडळींनी सांगावं, नुसत्या मुंडक्या-आतड्यांच्या अमिनोत नत्र कमी पडतं का? कुणी तपासून घेतलं असेल तर रिपोर्ट टाका.